गल्लीतली चौदा : नसबंदी, लस आणि बिल्ले (प्रकल्प नोंदी, सावरकरनगर, ठाणे)

१ जून २०२५, रविवार

कारखान्यात प्रत्येक जॉबची वही असायची. तुकडा मशीनवर कधी चढला, कट किती घेतला, मायक्रोमीटरवर किती भरला, सगळं तिच्यात. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. वहीत चढल्याशिवाय काम झालंय असं वाटतच नाही, म्हणून ही वही.

काम असं आहे : आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस, दिवाळीच्या आत.

चार वर्षं मी त्यांना संध्याकाळी भात घालतोय. तांदूळ, कोंबडीचे पाय, चिमूटभर हळद. मीठ नाही, कांदा नाही. या चार वर्षांत एकट्या गौरीची तीन वेतं झाली, सोळा पिल्लं. त्यातली आज दोन आहेत. बाकीची गाडीखाली गेली, नाहीतर तापानं, हगवणीनं. मी भात घालत होतो आणि समोर पिल्लं मरत होती. पोटभर खाणारी मादी वेळच्या वेळी माजावर येते, हे काही मला कुणी सांगायला नको होतं. गेल्या आठवड्यात चिमी मीटररूमच्या मागे व्याली. पाच पिल्लं. ती पाहून आनंद व्हायच्या ऐवजी छातीत धस्स झालं. त्याच रात्री ठरवलं.

४ जून, बुधवार

मोजणी पूर्ण. तीन दिवस पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सातला. पाऊस यंदा मे संपायच्या आतच आल्यानं सगळी आडोशाला असतात, शोधावी लागतात. भंगारवाल्याच्या टपरीमागे तीन, रिक्षा स्टँडच्या पत्र्याखाली चार, बाकीची आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मधल्या बोळात. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. शेपटी, कान, पायावरचे डाग लिहून घेतले. नाहीतर काळं म्हणून एकच कुत्रं दोनदा मोजलं जातं.

मोठी चौदा : आठ माद्या, सहा नर. कानाला खाच असलेली फक्त तीन. नसबंदी झाली की भूल उतरायच्या आत कानाला व्ही आकाराची खाच मारतात. लांबून दिसते, तेच कुत्रं पुन्हा उचललं जात नाही. म्हणजे उरली अकरा. पिल्लं पाच, ती वेगळी.

लंगड्या नावाचा नर माणसाच्या दहा हात जवळ येत नाही. त्याचं काय करायचं ते नंतर.

९ जून, सोमवार

महापालिकेत अर्ज दिला. सोबत फोटो आणि यादी जोडली. टेबलावरच्या बाईंनी यादी उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "काका, लोक येतात ते 'कुत्री उचलून न्या' असं सांगायला. फोटोसकट यादी घेऊन कुणी येत नाही." चिमीचं विचारलं तर त्यांनीच सांगितलं, पिल्लं अंगावर पिणारी असताना आईला उचलायचं नाही, दोन महिने तरी थांबा. प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम २०२३ चे आहेत. त्याची मराठी प्रत मागितली, मिळाली नाही. शेजारच्या विंगमधल्या कॉलेजच्या मुलीनं इंग्रजीतली काढून दिली, आम्ही दोघांनी बसून वाचली.

२० जून, शुक्रवार

वाईट दिवस.

सकाळी सहाला पेपर टाकणारा पोरगा मीटररूमवरून गेला आणि चिमीनं त्याच्या पोटरीला धरलं. दोन दात रुतले, रक्त आलं. पोरगा सतरा वर्षांचा, दिवसा काम करून रात्रशाळेत जातो. मी आरडाओरडा ऐकून खाली आलो तोवर कुणीतरी जखमेवर हळद आणि चुना लावायला निघालं होतं. तो हात धरून थांबवला. खालच्या नळाखाली पाय धरला, साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतला. रेबीजचा विषाणू जखमेतच असतो, तो तिथंच धुऊन काढायचा. टाके नाही, पट्टी नाही, चुना तर नाहीच.

मग रिक्षानं महापालिकेच्या दवाखान्यात. रक्त आलेलं असल्यानं तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारची जखम धरली. जखमेभोवती सिरम टोचलं, दंडाच्या कातडीत लस दिली. पुढच्या तारखा कार्डावर : २३ जून, २७ जून, १८ जुलै. सगळं फुकट झालं. त्याची आई धावत आली, धुणीभांडी अर्धवट टाकून. तिनं मला एवढंच विचारलं, "काका, याला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, तारखा चुकल्या नाहीत तर नाही होणार, आणि तारखा मी चुकू देणार नाही. चारही वेळा मी त्याच्यासोबत जाणार आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय राहत नाही. म्हणून कुत्रं ओळखीचं आहे, खेळताना लागलं, असली कारणं इथं चालत नाहीत.

चिमीवर दहा दिवस नजर ठेवायची. या दहा दिवसांत ती धडधाकट राहिली तर चावताना तिच्या लाळेत विषाणू नव्हता, हे नक्की होतं. पण त्यासाठी सुया थांबवायच्या नसतात.

चूक माझी. तीन आठवड्यांची पिल्लं असलेली आई त्या वाटेवर आहे हे मला ठाऊक होतं आणि मी साधा एक पुठ्ठा टांगला नव्हता.

२२ जून, रविवार

सोसायटीची तातडीची सभा. सेक्रेटरी संतापलेले होते आणि त्यांचं अर्धं बरोबर होतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, सगळी भरून येऊरला सोडून या, जंगल आहे, राहतील. दोघातिघांनी माना डोलावल्या.

मी उभा राहिलो. बोलायची सवय नाही, घसा कोरडा पडला होता. सांगितलं की एक तर ते बेकायदा आहे. दुसरं, येऊरला बिबटे आहेत आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं खाणं आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगरच्या मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला होता, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. आपण कुत्री टेकडीच्या पायथ्याशी नेऊन ठेवायची म्हणजे बिबट्याला शहराकडे यायची वाट दाखवायची. तिसरं, ही चौदा गेली की महिन्याभरात डेपोच्या बाजूची दहा येतील, कारण कचराकुंडी तिथंच राहणार आहे. आणि ती दहा आपल्याला ओळखत नसतील, त्यांना लस नसेल.

मग पेपरवाल्या पोराच्या सगळ्या खेपांचा खर्च आणि जबाबदारी माझी, हे लिहून दिलं. मीटररूमपाशी दोरी आणि बोर्ड लावला. खायला घालायची जागाही बदलली : मुलांच्या झोपाळ्यांपासून, जिन्यापासून, गेटपासून लांब, भंगारवाल्याच्या भिंतीकडेला. नियमातही तसंच आहे. आधी विजेच्या डीपीच्या मागची जागा सोयीची वाटली होती, पण पावसात डीपीच्या आसपास जनावराला शॉक बसतो. ती सोडली.

तळमजल्याच्या वहिनी सभेनंतर जवळ आल्या. गेली दोन वर्षं त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "मला कुत्र्यांची भीती वाटते, ती जाणार नाही. पण पोराबरोबर तुम्ही गेलात ते पाहिलं." संध्याकाळी पाण्याची एक जुनी कुंडी त्यांनी दाराबाहेर आणून ठेवली.

६ जुलै, रविवार. आषाढी

चिमीचे दहा दिवस कधीच उलटले, ठणठणीत आहे. पोराच्या तीन सुया झाल्या.

महापालिकेच्या नसबंदी केंद्राचा फोन आला, गाडी बुधवारी पहाटे येणार. पहिल्या खेपेला चार : काळू, बंड्या, पिवळी, गौरी. मंगळवारी रात्री या चौघांच्या पोटात काहीही जाता कामा नये. भुलीत उलटी होऊन श्वासनळीत गेली तर जीव जातो. दोन्ही इमारतींत दारोदार फिरून सांगितलं.

दुसऱ्या विंगमधल्या आजी ऐकून घेत होत्या. त्यांच्या भिंतीवर दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. म्हणाल्या, "नामदेवांची पोळी कुत्र्यानं पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. आणि आज एकादशीला तू मला सांगायला आलास, मुक्या जिवाला उपाशी ठेव?" मी त्यांना पिल्लांचे आकडे सांगितले. सोळातली दोन. त्या गप्प झाल्या. पटलं की नाही, कळलं नाही.

९ जुलै, बुधवार

गेली तीन. गौरी राहिली.

पहाटे पाचला तिच्या तोंडाला दुधाचा वास आणि हनुवटीच्या केसांत भाताचं शीत. आजींनी रात्री दहाला खाली उतरून दूधभात घातला होता. राग आला, पण वर जाऊन पाहिलं तर त्या दार उघडं टाकून बसल्या होत्या, रात्रभर झोपल्या नव्हत्या. "ती माझ्याकडं बघत होती रे," एवढंच म्हणाल्या. त्यांना काय बोलणार? चार वर्षं मीही तेच केलं. ती बघत होती म्हणून घातलं, आणि पुढचं पाहिलं नाही.

केंद्राची गाडी पुढच्या बुधवारी शेजारच्या गल्लीत येणार आहे, तेव्हा गौरीला घेतील.

१४ जुलै, सोमवार

ऑपरेशननंतर चार-पाच दिवस ठेवून गाडी तिघांना परत घेऊन आली. बंड्या आणि पिवळी गल्लीत उतरली. पिवळीच्या पोटावरचा टाका सुकलेला, स्वच्छ. काळू नाही. विचारलं तर म्हणे सोडला की. कुठं? लोकमान्यनगर डेपोच्या तोंडाशी.

डेपोपासून आमची गल्ली माणसाला दहा मिनिटं. कुत्र्याला मध्ये दुसऱ्या दोन टोळ्यांच्या हद्दी. ज्या जागेवरून उचललं तिथंच सोडायचं हा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. दुपारपासून मी आणि कॉलेजची मुलगी शोधत फिरलो. रात्री साडेनऊला नाल्याच्या कठड्याखाली सापडला. उजवा कान फाटलेला, मानेवर दातांच्या दोन रांगा, अंग थरथरत होतं. हाक मारल्यावर उठला नाही, नुसती शेपटी जमिनीवर आपटली. रिक्षावाल्यानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच मागची गोणपाट काढून सीटवर अंथरली.

जखमा धुतल्या, नेगासंट ही जखमेवरची पावडर टाकली. पावसात माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात.

१५ जुलै, मंगळवार

गाडीवरच्या पोरांनी मुद्दाम केलं नाही. दिवसभरात पाच वस्त्यांतली जनावरं त्यांच्या पिंजऱ्यात असतात आणि ओळखायला एक कागदी चिठ्ठी, ती भिजते. म्हणजे चिठ्ठी भिजणार नाही अशी करायची. हे मला जमण्यासारखं आहे.

भंगारातून दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. तीस मिलिमीटरच्या चकत्या कापल्या. माझे पंच अजून पेटीत आहेत, चार मिलिमीटरचे, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. पंचाला हातोडीचा एकच घाव घालायचा. दुसरा घातला की आकडा दुहेरी उठतो आणि वाचता येत नाही. वर नंबर, खाली गल्ली. पंधरा बिल्ले झाले, त्यातले दोन बिघडले, पुन्हा केले. कडा कानसीनं मारल्या, मग पॉलिश पेपरनं, मग स्वतःच्या गळ्यावरून उलटेसुलटे फिरवून पाहिले. टोचला तर पुन्हा कानस.

पट्टे साध्या नाड्याचे, त्यावर रात्री चमकणारी पट्टी शिवली. ही पट्टी डेपोच्या वळणावर दुचाकीवाल्यांना दिसेल. जोड मुद्दाम कच्च्या दोऱ्याचा ठेवला, कुठं अडकलं तर तुटावा, गळा आवळू नये. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जायला हवीत. वाढत्या कुत्र्याच्या मानेत पट्टा रुतून मांस वर आलेलं मी एकदा पाहिलं आहे.

गौरीचा नंबर १.

१६ जुलै, बुधवार

गौरी गेली. शेरूपण.

शेरूला जाळ्यात लगेच घेतलं. गौरी पत्र्याखाली शिरली आणि बाहेर येईना. पकडणाऱ्या पोरांतला मोठा म्हणाला, "काका, तुम्ही हाक मारा, तुमचं ऐकेल."

मी उकिडवा बसलो आणि रोजच्यासारखी हाक मारली. ती आली. कान मागे पाडून, कंबर हलवत, रोज येते तशी. येऊन डोकं माझ्या गुडघ्यावर ठेवलं. तिच्या डोक्याचं वजन गुडघ्यावर असताना वरून जाळं पडलं. ती ओरडली नाही. जाळ्यातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पाहणं बंद केलं, मान फिरवली.

गाडी वळेपर्यंत मी तसाच बसून होतो. रिक्षावाल्यानं हात देऊन उठवलं.

तिचं भलं होतं आहे हे तिला समजावून सांगायला माझ्याकडे भाषा नाही. तरी उद्या पुन्हा वेळ आली तर मीच हाक मारीन. ज्याच्या हाकेला येतात त्यानंच हे करायला हवं. परक्यानं काठीनं ओढून नेलं तर दातही फुटतात, पायही मोडतात.

१८ जुलै, शुक्रवार

पोराची चौथी सुई झाली. कार्ड पूर्ण. त्याच्या आईनं डब्यातून साबुदाण्याची खिचडी पाठवली.

२१ जुलै, सोमवार

गौरी परत आली, बरोबर जागेवर. बिल्ला पाहून गाडीवाल्यानं फोनच केला, "एक नंबर कुठं उतरवू?" टाका चांगला आहे, कानाला खाच.

भात घेऊन गेलो. आली नाही. मी मागे सरकत गेलो. अकरा पावलं मागे गेल्यावर ती ताटलीपाशी आली, आणि खातानाही डोळे माझ्यावर होते.

२६ जुलै, शनिवार

चिमीच्या पिल्लांतली दोन गेली.

गुरुवारी एक पिल्लू खाईना. रात्री उलट्या, शुक्रवारी सकाळी रक्ताची हगवण. तो वास एकदा आला की विसरत नाही, पार्वोचाच, पिल्लांना मारणाऱ्या विषाणूच्या हगवणीचा. डॉक्टरांनी सलाइन लावलं. दुपारी दुसरं. मी आणि ही, दोघं रात्रभर मोरीत बसलो, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवत. पिल्लू एवढं हलकं झालं होतं की उचलताना हाताला फक्त ऊब लागायची. चारच्या सुमारास ऊबही कमी होत गेली. दुसरं साडेसहाला.

सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस द्यायची असते. मी ती आठव्या आठवड्यावर ढकलली होती, पाऊस आहे म्हणून. गेल्या रविवारी न्यायला हवी होती. हे इथं लिहून ठेवतो आहे.

उरलेली तिघं वेगळ्या खोक्यात, वेगळ्या जागी. मीटररूमची फरशी ब्लीचिंगनं तीनदा धुतली. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, तिथं आता वर्षभर नवं पिल्लू ठेवायचं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

तिघं वाचली. लस झाली, जंताचं औषध झालं.

घरं शोधतोय. फोन येतात, पहिला प्रश्न एकच : नर आहे का? दोन माद्या, एक नर. नर दोन दिवसांत गेला, कोलशेतच्या एका कुटुंबाकडे. माद्यांबद्दल ऐकलं की समोरचा "बघतो" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही. नसबंदीचा खर्च मी करतो असं सांगितलं तरी. आईच्या पोटातून जोडीनं आलेली पिल्लं, त्यातल्या मादीला रस्ता. रस्त्यावर व्यायला लागतात त्या याच, घरी नको म्हटलेल्या.

नसबंदी केंद्रात जागा नाही, पुढची तारीख सप्टेंबर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. शाळा बंद, गल्लीत गुडघाभर पाणी. सगळ्यांना शेजारच्या इमारतीच्या पोडियमवर चढवलं. सेक्रेटरींनी स्वतः फळकुट लावून दिलं.

तिथं एक नवीन. लॅब्रॅडोर, मादी, पिवळसर. आमच्या वॉचमननं पाहिलं, पहाटे पांढरी गाडी थांबली, मागचं दार उघडलं, बंद झालं. अंधार आणि पाऊस, नंबर दिसला नाही. मानेवर पट्ट्याचा वळ ताजा. नखं वाढून वळलेली. पोट लोंबलेलं, थानं ओघळलेली, एका थानात सुपारीएवढी गाठ. हिच्याकडून पिल्लं काढून काढून विकली आणि गाठ दिसल्यावर सोडून दिली असणार, डॉक्टरांचंही तेच मत. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, पण कोण कुठल्या फ्लॅटमध्ये काय करतो हे पाहायला कुणी जात नाही. आणि जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. पासष्ट वर्षांत तो आकडा हललेला नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला रस्ता कळतो. गाडी कुठून येते, कुठल्या दुकानापाशी लाथ बसते, कुणाच्या हद्दीत जायचं नाही. हिला यातलं काही येत नाही. पाण्यात उभी राहिली आणि बाजूला सरकायचंही सुचेना. पण लिफ्टची घंटा वाजली की उठते. दार उघडतं, ती आत पाहते, कोण आहे ते. ओळखीचं कुणी नसतं. पुन्हा बसते. दुपारपासून मी मोजलं नाही, पण घंटा जितकेवेळा वाजली तितकेवेळा ती उठली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळपासून पाच जणांनी विचारलं, आता सगळी कुत्री उचलणार का? ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता, दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी : सगळी उचला, परत सोडू नका. तेव्हापासून आजी घाबरलेल्या. आज तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला. नसबंदी, लस, जंताचं औषध झालं की होती तिथं परत सोडायची. रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी नाही. रस्त्यावर वाटेल तिथं खायला घालायचं नाही, ठरवून दिलेल्या जागीच. आणि विषय आता देशभरासाठी ऐकणार आहेत.

जागा आपण जूनमध्येच ठरवली. यादी आहे, बिल्ले आहेत, केंद्राच्या पावत्या आहेत. त्या सगळ्याची एक फाइल करून सेक्रेटरींकडे ठेवायला दिली. त्यांनी घेतली.

लॅब्रॅडोरची गाठ काढायची तारीख पाच सप्टेंबर. तोवर तळमजल्याच्या वहिनींच्या व्हरांड्यात. होय, त्याच वहिनी. दार बंद ठेवून जाळीतून पोळी देतात. त्यांनी तिला राणी म्हणायला सुरुवात केली आहे.

गौरी : आठ पावलं.

१० सप्टेंबर, बुधवार

चिमी आणि आणखी दोन गेली. चिमीला कॉलेजच्या मुलीनं हाक मारली, मी लांब उभा होतो. नंतर ती जिन्यात बसून रडली. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, शेजारी बसलो.

राणीची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले पसरलेली नव्हती. अंगात गोचिडी होत्या, त्याचं औषध वेगळं.

२८ सप्टेंबर, रविवार

रेबीज दिन. नसबंदी आधीच झालेल्या जुन्या तिघांना फेरलस टोचून घेतली, ती दरवर्षी लागते. खाच आहे म्हणून मी आजवर तिघांना यादीतून सोडून दिलं होतं. खाच नसबंदीची खूण, त्यावरून लसीचं वर्ष कळत नाही. आता बिल्ल्याच्या मागच्या बाजूला वर्ष पंच करणार.

पेपरवाला पोरगा मदतीला आला होता. चिमी समोरून गेली तेव्हा त्याचा पाय आपोआप मागे गेला. तरी थांबला.

१ ऑक्टोबर, बुधवार

दोन गेली. अकरातली दहा झाली.

लंगड्या आज चौथ्यांदा निसटला. त्याचा मागचा पाय जुन्या मोडीचा आहे आणि जाळं दिसलं की तो तीन पायांवर माझ्यापेक्षा जोरात धावतो. पिंजरा लावून पाहायचा, आत वाटी ठेवून, आठवडाभर नुसता उघडा. आत जाऊन खायची सवय झाली की मग दार.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या नरक चतुर्दशी. मुलांनी आत्तापासूनच माळा लावायला सुरुवात केली आहे. शेजारच्या पोडियमचा मागचा कोपरा गोणपाटं बांधून बंद केला, आत अंधार ठेवला, पाणी ठेवलं. गेल्या वर्षी बंड्या फटाक्यांना घाबरून कापूरबावडीपर्यंत पळाला होता, तीन दिवसांनी आला. आता गळ्यात बिल्ला आहे.

चिमीची एक मादी वर्तकनगरच्या शिक्षिकाबाईंनी नेली. दुसरी गल्लीतच राहिली, तिचा बिल्ला १५. सहा महिन्यांच्या आत नसबंदी करायची नसते, म्हणजे नोव्हेंबरअखेर. तेव्हा हाक कोण मारणार, ते ठरवायचं आहे. मीच मारीन.

राणी आता लिफ्टपाशी जात नाही. घंटा वाजली की कान हलतात, तेवढंच. वहिनींनी जाळीचं दार उघडून तिला पहिल्यांदा हातानं पोळी दिली. हात थरथरत होता, पण मागे घेतला नाही.

लंगड्या पिंजऱ्यात जाऊन खातो. काल पूर्ण आत होता, शेपटी फक्त बाहेर. बुधवारी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गाडी येणार नाही म्हणाले, पुढच्या बुधवारी, २९ तारखेला. मंगळवारी रात्रीचं आजींना आज पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या रात्री मी लेकीकडे कळव्याला जाऊन राहते, म्हणजे मला दिसणारच नाही.

गौरी : तीन पावलं. ताटली ठेवून मागे झालो, ती आली, खाल्लं. खाऊन झाल्यावर लगेच गेली नाही. थोडा वेळ तिथंच उभी राहिली.